राखलेला हात

"आता उजव्या हाताचं एकेक बोट अंगठ्याला लावा," डॉक्टर ज्ञानदा काचेआडून माइकवर म्हणाल्या.

यंत्राच्या बोगद्यात निजलेल्या कोंडिबाची बोटं अडखळत हलू लागली. काचेमागे उभी असलेली त्याची बायको, धोंडाबाई, त्या बोटांकडे बघत होती.

कोंडिबा मुळशीच्या धरणात मासे धरायचा. त्या उन्हाळ्यात हातातलं वल्हं निसटलं, मग सदऱ्याची बटणं लागेनात. पुण्यात मेंदूतली गाठ सापडली. ती कापून काढण्याजोगी नव्हती. किरणं द्यायची होती. त्याआधी मेंदूचा हा नकाशा काढायचा होता.

दुपारी ज्ञानदांनी पडद्यावर चित्र दाखवलं. करड्या मेंदूत एक नारिंगी ठिपका, आणि त्याला बिलगून गाठ.

"हा ठिपका तुमचा हात हलवतो. इथं पूर्ण किरणं दिली तर हात जाईल. कमी दिली तर हात राहील, पण गाठ लवकर वाढेल."

"लवकर म्हंजे?"

"नक्की नाही सांगता येत. सहा महिने. पूर्ण दिली तर वर्ष, दीड वर्ष."

"जाऊ द्या हात," धोंडाबाई घाईनं म्हणाली. "मानूस ऱ्हाऊ द्या. बाकीचं मी बगीन."

कोंडिबा चित्राकडे बघत राहिला.

"न्हाई. हात ऱ्हाऊ द्या."

गावी परतताना एसटीनं पौड गाठलं. तेव्हा तो म्हणाला, "बा तीन वर्सं पडून व्हता. आठवतंय न्हवं?"

तिला आठवत होतं. सासऱ्याची कूस तीच बदलायची, त्याला नको असलं तरी पेज तीच भरवायची. तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

दिवाळीपर्यंत कोंडिबानं होडी चालवली. पौषात पाय गेले, पाठोपाठ वाचा गेली. हात तेवढा शाबूत राहिला.

एका सकाळी तिनं पेजेचा चमचा त्याच्या ओठांशी नेला. कोंडिबानं उजव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि चमचा हलकेच खाली नेला. तिनं पुन्हा उचलला, त्यानं पुन्हा धरला.

"असं नगा करू वं. दोन घोट तरी."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. बोटांची पकड सैल झाली नाही. दुसऱ्या हातानं तिला ती सोडवता आली असती.

"खाल्लं का गं दादांनी?" शेजारच्या लीलाबाईनं दारातून विचारलं.

धोंडाबाईनं चमचा वाटीत ठेवला.

"व्हय," ती म्हणाली. "झालं त्येंचं."