कितवा हप्ता?

“फ्रिज आमच्याकडून!” ड्रायव्हरने जाहीर करून टाकलं, आणि फाईलताईच्या हातातला कप बशीत खळकन आपटला.

नणंदेचं नवं घर बघायला ती दोघं आली होती. दोनच खोल्या, भिंतींना ताज्या रंगाचा वास, खिडक्यांना अजून पडदे नाहीत. स्वयंपाकघर दाखवताना नणंदेचा नवरा सहज म्हणाला होता, “जुन्या फ्रिजचं दार नीट लागत नाही. बघू पुढेमागे.” ड्रायव्हरला एवढं निमित्त पुरलं.

“दादा, अरे कशाला?” नणंद म्हणाली.

“कशाला म्हणजे? एकुलती एक बहीण माझी. पुढच्या महिन्यात दारात उभा राहील बघ. दोन दारांचा!”

फाईलताई हसली. चारचौघांत दुसरं काय करणार? पण हसता हसता तिने मनातल्या मनात हिशेब केला. दोन दारांचा फ्रिज म्हणजे तिचा दीड महिन्याचा पगार.

ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्डच्या खोलीत कामाला होती. वीस वर्षांपूर्वीच्या पेशंटची फाईल मागितली, तरी दहा मिनिटांत काढून द्यायची. म्हणून डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला फाईलताई म्हणत. नवरा शहराच्या बसवर ड्रायव्हर. शेजारीपाजारी त्याला ड्रायव्हरच म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं. मूलबाळ नव्हतं. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई, कानाने अधू आणि जिभेने धडधाकट.

परत जाताना दोघं चालतच निघाली. कोपरा वळल्यावर तिने विषय काढला.

“अहो, फ्रिज कुठून आणणार आहात?”

“होईल गं.”

“या ‘होईल गं’नेच आपल्याला इथवर आणलंय.”

“मग काय हात हलवत परत यायचं? दीड वर्षाने गेलो तिच्याकडे. आणि बिनव्याजी मिळतो सध्या. कार्डावर.”

ती जागीच थांबली. “कुठल्या कार्डावर?”

ड्रायव्हर समोरच्या दुकानाची पाटी वाचू लागला.

“सगळी कार्डं मी माझ्या हाताने कापली होती. कुठल्या कार्डावर?”

“एक ठेवलं होतं. अडीअडचणीला.”

घर येईपर्यंत ती त्याच्या चार पावलं पुढे चालत राहिली.

त्यांना कुणी फसवलेलं नव्हतं. आजारपण नव्हतं, व्यसन नव्हतं. आधी सोफा आला. सोफ्यासमोर जुना टीव्ही केविलवाणा दिसायला लागला म्हणून मोठा टीव्ही आला. मग स्कूटर, मग आठ दिवसांची सहल, सगळं हप्त्यावर. हप्ते जड व्हायला लागले तेव्हा एक कार्ड काढलं, त्या कार्डाचं भोक बुजवायला दुसरं, आणि दोन्ही बुजवायला बँकेचं कर्ज. एका महिन्यात एक तारखेला झालेला पगार तीन तारखेला संपला. त्या दिवशी दोघांनी सगळे कागद जमिनीवर मांडले होते. देणेकरी पाच निघाले. आहे तसं राहिलं, नवं काही घेतलं नाही, तर बावन्न महिने. सुरुवात सगळ्यात लहान कर्जापासून करायची, म्हणजे एक तरी संपल्याचं डोळ्यांना दिसेल, ही कल्पना फाईलताईची. त्याप्रमाणे सोफ्याचे पैसे पहिले फिटले. तोवर सोफा मधोमध बसला होता, पण दोघं त्याच्यावर मालकासारखी बसली होती.

आता एकोणीस महिने झाले होते. अजून तेहतीस.

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली आणि एकटीच नणंदेकडे गेली. नणंद बालवाडीत शिकवायची, दुपारी घरी असायची. ती स्टुलावर चढून पडदे लावत होती. ओठांत पडद्याचे दोन हूक धरलेले.

“वहिनी! कालच तर...” हूक काढून ती म्हणाली. “काही राहिलं का इथे?”

“राहिलं. काल बोलायचं ते राहिलं.” फाईलताईने पर्स मांडीवर घट्ट धरली. “फ्रिज आम्हाला देता येणार नाही. आम्ही कर्जात आहोत. गळ्यापर्यंत. दीड वर्ष झालं, फेडतोय.”

नणंद स्टुलावरून उतरलीच नाही. वरूनच बघत राहिली. फाईलताईला वाटलं, आता ही विचारणार की एवढा पैसा उडवला तरी कशावर? उत्तराची तिने तयारीही केली होती. सोफा, टीव्ही, सहल. ऐकायला किती लाजिरवाणं.

“म्हणून येत नव्हतात तुम्ही?” नणंदेचा आवाज चिरका झाला. “दीड वर्षं! मला वाटलं, आम्ही घर घेतोय ते तुमच्या डोळ्यांत खुपलं. काय काय मनात आणलं मी तुमच्याबद्दल, वहिनी. आईलासुद्धा फोन कमी केला.”

“येताना हातात काही आणायला नको का? म्हणून टाळलं.”

“कुणी सांगितलं हातात आणा म्हणून?” आता ती उतरली, आणि रागाने उतरली. “तो फ्रिज गेला खड्ड्यात. दाराला दोरी बांधली की लागतंय ते. मला सांगायचं नाही असं ठरवलंच होतं का दोघांनी?”

मग ती रडली, मग फाईलताई रडली, आणि मग दोघींनी मिळून उरलेले पडदे लावले. निघताना नणंद म्हणाली, “पैसे देण्याइतके माझ्याकडे नाहीत. घराचे हप्ते माझ्याही मानगुटीवर आहेत. पण दर महिन्याला फोन करीन. एवढंच विचारीन, कितवा?”

ड्रायव्हरला ते त्याच संध्याकाळी कळलं. नणंदेनेच फोन केला होता. तो घरी आला तो तणतणत.

“माझी अब्रू वेशीवर टांगलीस!”

“अब्रू होती कुठे घरात? ती कधीच बँकेत गहाण पडली.”

त्यानंतर नऊ दिवस अबोला. निरोप सासूबाईंमार्फत. “आई, तिला सांग, उद्या माझी सकाळची ड्यूटी आहे.” सासूबाई म्हणायच्या, “तूच सांग. मला ऐकू येत नाही.” सातव्या की आठव्या दिवशी जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं.

“आणि कर्जाचं मला कळलं नाही असं समजू नका. मी बहिरी आहे, आंधळी नाही. बसायला राजाचा सोफा आणि पोराच्या शर्टाला कॉलर उलटून शिवलेली. मला काय दिसत नाही?” मग सुनेकडे बघून म्हणाल्या, “बरं केलंस लेकीला सांगितलंस ते. आता माझ्याशी तरी तोंड भरून बोलेल ती.”

ड्रायव्हर खाली मान घालून जेवत राहिला.

दहाव्या दिवशी तो ड्यूटीवरून आला, चप्पलही न काढता थेट स्वयंपाकघरात गेला आणि ओट्यावर एक कार्ड ठेवलं.

“कात्री कुठंय?”

तिने कात्री दिली. कार्ड जाड होतं, एका दमात कापलं गेलं नाही. तुकडे गोळा करता करता तो बोलायला लागला.

“डेपोत आज सगळे बाहेरगावी जायचं ठरवत होते. दोन दिवस, मजा. वर्गणी काढत होते. मी एरवी पहिला हात वर करणारा. आज म्हटलं, मला जमणार नाही, हप्ते आहेत. मला वाटलं, आता हसणार. तर आपला तो ठेंगणा कंडक्टर म्हणाला, ‘मलाही नाही जमणार.’ मग वर्कशॉपमधला एकजण. तिघं निघालो गं! आणि मी समजत होतो, अख्ख्या डेपोत मीच एक शहाणा.”

“मग काय केलंत?”

“काय करणार? उद्यापासून कँटीन बंद. तिघंही घरून डबा आणणार.” मग जरा थांबून, “दोन पोळ्या जास्त घालशील? त्या कंडक्टरच्या घरी सकाळी करायला कुणी नाही.”

असं एकदम सगळं सरळ झालं असतं तर काय हवं होतं! पण बावन्न महिने म्हणजे बावन्न वेळा एक तारीख येते. पहिल्या वर्षात जोर असतो. शेवटी शेवटी टोक दिसत असतं. मधलाच रस्ता जीव खातो. मागे बघावं तर निघालो ते ठिकाण दिसत नाही, पुढे बघावं तर पोचायचं ठिकाण दिसत नाही. ड्रायव्हर रविवारचीही ड्यूटी घ्यायला लागला होता. फाईलताई दुपारच्या सुट्टीत एका डॉक्टरांचे कागद नीट लावून द्यायची, त्याचे थोडे पैसे सुटायचे. नणंदेचा फोन मात्र चुकला नाही. “वहिनी, कितवा?” “चोवीस.” “वा! अर्ध्याच्या जवळ आलात की.” कधी कधी फाईलताईला त्या ‘वा’चाही राग यायचा.

एकतिसाव्या महिन्यात घरातलं कपडे धुण्याचं मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाला म्हणाला, “याच्यात आता जीव नाही.” दोन महिने तिने हाताने धुतलं. तिसऱ्या महिन्यात कंबर धरली. तेव्हाच हॉस्पिटलच्या दारात एक माणूस टेबल टाकून बसला. नोकरदारांना घरच्या वस्तू सोप्या हप्त्यांत. फाईलताई आधी नुसती बघून गेली. मग माहितीपत्रक घेतलं. मग फॉर्म घेतला. मशीनशिवाय काही कुणी चैन करत नाही, असं स्वतःला समजावत तिने आपल्या खोलीत बसून नाव, पत्ता, पगार, सगळं भरलं. सही तेवढी राहिली होती.

तेवढ्यात खिडकीशी एक गृहस्थ आला. साठीच्या पुढचा. अकरा वर्षांपूर्वी इमारतीच्या कामावर असताना परांचीवरून पडलो होतो, विम्यासाठी जुने कागद हवेत, म्हणाला. तिने नंबर घेतला, मागच्या रॅकवरून फाईल काढली. हातभर जाड. पानं मोजून लिहायची असतात, म्हणून ती उलटू लागली. नर्सनी रोज एक ओळ लिहिलेली. पायाची हालचाल नाही. हालचाल नाही. हालचाल नाही. अशी पानंच्या पानं. सत्तेचाळिसाव्या दिवशी, उजवा अंगठा किंचित हलला. पुन्हा चार दिवस हालचाल नाही. नव्वदाव्या दिवशी, आधाराने बसले. एकशे बाराव्या दिवशी, दोन पावलं.

तिने मान वर केली. दोन्ही पायांवर उभा राहून तो माणूस खिडकीच्या कठड्यावर बोटांनी ताल धरत होता.

“काका, एवढे दिवस कसे काढलेत हो?”

“काढले कुठले? ते जातातच,” तो म्हणाला. “मी आपलं रोज सकाळी अंगठ्याला सांगायचो, हल बाबा. तो नाही म्हणायचा. मग मी नाश्ता मागायचो.”

फाईलताई खूप दिवसांनी खळखळून हसली. तो गेल्यावर तिने फॉर्म फाडला. संध्याकाळी घरी गेल्यावर मात्र ती ड्रायव्हरला म्हणाली, “चादरी माझ्याच्याने होत नाहीत. त्या तुम्ही धुवा.” त्या रविवारपासून ड्रायव्हर चादरी धुवायला लागला. गच्चीत वाळत घालताना शेजारी हसले, तेव्हा तो म्हणाला, “बसपेक्षा हलक्या आहेत हो.”

चाळिसाव्या महिन्यात सासूबाई गेल्या. दुपारी जेवून सोफ्यावर आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. रडण्याच्या भरात ड्रायव्हर एकच सांगत राहिला, “थोडंच राहिलं होतं गं. सगळं फिटल्यावर तिच्या कानाशी ओरडून सांगणार होतो.” नणंदेने खर्चातला निम्मा वाटा उचलला, आणि त्या महिन्याचा हप्ताही चुकला नाही. पुढच्या महिन्यात तिचा फोन आला तेव्हा आधी दोघी सासूबाईंबद्दलच बोलल्या. मग नणंद हळूच म्हणाली, “कितवा, वहिनी?”

एक्कावन्नाव्या हप्त्याला नणंद म्हणाली, “आणि आता यापुढे मी काय विचारायचं?”

“मी बरी आहे का, ते विचार,” फाईलताई म्हणाली.

शेवटचा हप्ता भरायला दोघं बरोबर गेली. ड्रायव्हरने रजा टाकली होती, शर्टाला इस्त्री केली होती. बँकेतल्या माणसाने बाकी काही नसल्याचं पत्र छापलं, शिक्का मारला आणि पत्र हातात देता देता खुर्ची पुढे ओढली.

“तुमचा व्यवहार अगदी चोख आहे. आता तुम्हाला दुप्पट रक्कम लगेच मंजूर होईल. भरू का अर्ज? फक्त सही करायची.”

फाईलताईने ड्रायव्हरकडे पाहिलं. इतक्या गोड आवाजात कुणी काही देऊ केलं आणि ड्रायव्हर नाही म्हणाला, असं तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

ड्रायव्हरने पत्राची नीट घडी घातली. “नको, साहेब. भागतंय आमचं.”

“पुढे कधी लागलंच तर...”

“लागलं तर आधी घरात बोलू,” तो म्हणाला आणि उठला.

बाहेर ऊन होतं. बस आली तिचा कंडक्टर ओळखीचा निघाला. त्याने हातानेच ‘असू दे’ म्हटलं, तरी ड्रायव्हरने पैसे देऊन दोन तिकिटं घेतली. मागे खिडकीजवळ जागा मिळाली.

“आई असती तर...” तो म्हणाला आणि बाहेर बघत राहिला. थोड्या वेळाने त्याची मान कलली आणि डोकं तिच्या खांद्यावर आलं. कितीतरी रविवारांची झोप त्या डोक्यात साठलेली असावी. इतक्या जवळून तिने ते बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. कानामागचे केस पार पांढरे झाले होते. कधी झाले, कुणास ठाऊक.

त्यांचा स्टॉप आला. दोन माणसं उतरली, एक चढलं. कंडक्टरने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. तिने मानेनेच नाही म्हटलं आणि खांदा जरासा नवऱ्याच्या डोक्याखाली सरकवला. पुढच्या स्टॉपवरून घर पायी पंधरा मिनिटांवर होतं.