पत्र्याचा डबा

धाकट्या बहिणीचे लग्न झाले त्या वर्षी, लग्नानंतर आठवड्याने, लष्करातली एक डॉक्टरीण घड्याळ-दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढली. टेबलाशी बसलेल्या थोरल्या भावाने डोळ्यावरचे भिंग काढले नाही.

"सुरुंग निकामी करायला आपणहून जाणाऱ्यांचं बालपण कसं होतं, याची माहिती गोळा करतेय. तुमच्या धाकट्या भावाबद्दल विचारायचंय."

पुन्हा त्याच्याचबद्दल. लग्नात राबला थोरला, आणि पाहुण्यांचा घोळका धाकट्याच्या गणवेशाभोवती.

आई आतून पाणी घेऊन आली. "पहिल्यापासून धीट हो तो. आणि हात! हे म्हणायचे, हा हात घड्याळासाठीच घडलाय. थोरल्याचा आपला कामापुरता."

"आई, गिऱ्हाईक येईल."

"येऊ दे की. खरं ते खरं."

वडिलांनी दहा वर्षांच्या धाकट्याला आपल्या टेबलाशी बसवले आणि बारा वर्षांच्या थोरल्याला काउंटर पुसायला लावले, तेव्हापासून थोरल्याच्या पोटात दुखत होते. धाकट्याने घड्याळ उघडले की हा मागून जाऊन त्याच्या कानाशी पत्र्याचा डबा बडवायचा. स्क्रू उडायचे, धाकटा वडिलांचा मार खायचा, थोरल्याचा जीव गार व्हायचा. वर्षभराने मात्र डबा कितीही बडवला तरी धाकट्याची पापणी लवेना. मग थोरल्याने नाद सोडला.

डॉक्टरणीने फाइल उघडली. "हात इतका स्थिर कसा, असं आम्ही विचारलं होतं. त्याने लिहिलंय, 'दादामुळे. मी दचकू नये म्हणून तो रोज माझ्यामागे डबा वाजवायचा. तेव्हा राग यायचा. पण या कामाला आलो, ते त्याच्या शिकवणीच्या जोरावर.'"

आई बघतच राहिली. "अगंबाई! कधी बोलला नाहीस रे!"

"खरं आहे ना?" डॉक्टरणीने पेनचे टोपण काढले.

आईने असे कौतुकाने त्याच्याकडे कधी पाहिले नव्हते. चिमट्यातली स्प्रिंग निसटून कुठेतरी उडाली.

"हो," तो म्हणाला. "शिकवायचोच मी."

तिने लिहून घेतले. ती गेल्यावरही थोरला टेबलाखाली वाकून स्प्रिंग शोधत राहिला.

धाकटा सुरुंगावर वाकला होता, मागून साथीदार 'परत फीर' म्हणून ओरडत होते, पण त्याने मानही वळवली नाही, असे नंतर तुकडीकडून आलेल्या पत्रात होते. धाकटा गेला तो पुढच्या वर्षी, सात मार्चला, सकाळी सव्वानऊ वाजता.