घसरगुंडीची कोलांटी

संगणकावर काढलेलं चित्र थेट पत्रा कापायच्या यंत्राला जोडायची सोय आमच्या बुऱ्हाणपुरात नवी नवी आली, तेव्हाची गोष्ट. राजघाटाजवळच्या बागेसाठी गजाननच्या कारखान्यात नागमोडी घसरगुंडी व्हायची होती. चित्र माझ्या पुतणीनं, मंगलानं काढलेलं. तिचं पहिलंच काम. चित्र यंत्रात गेलेलं, लोधीपुऱ्यातली लाईट गेलेली; ती आली की कापाकापी सुरू.

गजानन यंत्रापाशी बसलेला; माझ्या शेजारी मंगला लॅपटॉपवर चित्र उगाच फिरवत होती. एकदम थांबली.

"काका, मी वरूनच बघत राहिले हो. आता बाजूनं बघा."

बघितलं. पहिल्या वळणापर्यंत घसरायची पन्हळ नीट, तोंड वर. वळण डावीकडून उजवीकडे फिरलं, तिथं पन्हळीनं कोलांटी मारलेली. पाठ वर, तोंड खाली.

"यात पोरं बसणार की वटवाघळं?"

"हळू बोला! गजाननदादांना कळलं तर पुन्हा काम द्यायचे नाहीत. पन्हळ मी वळणाच्या भरवशावर सोडली. वळणानं कूस बदलली, तशी तीही पालथी झाली. आता वाटेच्या वरून दुसरी रेघ ओढते, तोंड सतत त्या रेघेकडेच राहील. थोडा वेळ काढा ना, काका."

तेवढ्यात पंखा फिरला. गजानन उठला. "चला, आली लाईट. काका, हटा."

मी यंत्रावर लावलेल्या पत्र्यावरच बसकण मारली.

"गजानन, केळीच्या खोडाच्या सालीवर बसून मी असीरगडावरून घसरलो, ते सांगितलं का तुला?"

"शंभरदा. उठा, लाईट परत जाईल."

"वाटेत मागं वाघ येऊन बसला, ते?"

त्याचा हात बटणापाशी थबकला. "वाघ?"

मग काय! वाघामागं वाघीण बसली, तिला तापीपार माहेरी जायचं होतं. मंगलाची बोटं चालतच होती. माझ्या घशाला कोरड पडली, जनावरं संपत आली. गजाननचं हसू आटलं.

"बस झालं, काका. कोण मानेल?"

"नको मानू! ही घसरगुंडी होऊ दे, पहिला मीच घसरतो!"

मागून मंगला म्हणाली, "दादा, चित्र सुधारून पाठवलंय. नवीनच लावा."

"जुन्यात काय झालं?"

ती म्हणाली, "जुन्यात काका डोक्यावर पडले असते. माझी चूक होती."

गजाननानं तिच्याकडे बघितलं, मग पत्र्यावर बसलेल्या माझ्याकडे. "तरीच वाघीण आली!" म्हणाला, आणि नवीन चित्र लावलं.

रविवारी अख्खा लोधीपुरा बागेत. मी वर बसलो, दोन्ही काठ गच्च धरले. कूस बदलायची जागा आली तसे डोळे मिटले. उघडले तेव्हा आभाळ वरच होतं.

माझ्यामागं बसलेला वाघ मात्र मध्येच उडी मारून पळाला. भित्रा कुठला!