करंज तोडल्यानंतर

जुळे सोलापुरातल्या त्या गल्लीत एकच मोठं झाड होतं, करंजाचं. शिवलिंगप्पांच्या कंपाउंडला अगदी लागून. शिवलिंगप्पा एसटीतून निवृत्त झालेले. घरात ते आणि पत्नी बसम्मा, मुलगी पुण्याला.

दुपारी करंजाखाली गल्ली जमायची. गोजरबाईंची भाजीची गाडी, दोन-तीन रिक्षा, मेथी निवडत बसलेल्या बायका. त्यांत बसम्माही असायच्या. या कलकलाटानं शिवलिंगप्पांची झोप मोडायची. मग झाडाच्या मुळांनी कंपाउंडला तडा गेला आणि त्यांना कारण मिळालं. त्यांनी झाड तोडायची रीतसर परवानगी काढली.

झाड तोडायला माणसं आली तेव्हा समोरच्या घरातली जमीला बाहेर आली.

"काका, फांद्या छाटा की नुसत्या. अख्खं झाड कशाला?"

"भिंत पडल्यावर तू बांधून देणार हायस का?"

जमीला घरात निघून गेली. संध्याकाळपर्यंत झाड गेलं. शिवलिंगप्पांनी भिंत दुरुस्त करून घेतली आणि पुढं फरशी घातली.

उन्हाळा लागला तशी गोजरबाईंनी गाडी पलीकडच्या रस्त्यावर नेली. रिक्षाही तिकडंच गेल्या. बायका आपापल्या घरात कूलर लावून बसू लागल्या. बसम्मा टीव्ही पाहू लागल्या. शिवलिंगप्पांना शांत झोप मिळू लागली. पडवीच्या भिंती मात्र रात्रीपर्यंत तापलेल्या असायच्या.

मे महिन्यात एका दुपारी बसम्मा गिरणीतून दळण घेऊन येत होत्या. घर चार पावलांवर असताना त्यांना गरगरलं आणि त्या रस्त्यावरच बसल्या, मग आडव्या झाल्या. सगळी दारं बंद होती. आत कूलर घरघरत होते.

जमीला गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली तेव्हा तिला रस्त्यावर सांडलेलं पीठ दिसलं, मग बसम्मा दिसल्या. ती धावत खाली आली. ओढणी भिजवून तिनं त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि नवऱ्याला, सरफराजला, रिक्षा काढायला सांगितलं. मग शिवलिंगप्पांचं दार बडवलं. ते उठून येईपर्यंत बसम्मांना रिक्षात घातलं होतं.

उष्माघात होता. वेळेवर आणलं, असं डॉक्टर म्हणाले. काही दिवसांनी बसम्मा घरी आल्या.

"मी हाक मारली होती तुमाला," त्या एवढंच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्या दिवसापासून शिवलिंगप्पा दुपारी झोपेनासे झाले.

पावसाळ्यात ते जमीलाच्या दारात जाऊन उभे राहिले. हातात कडुलिंबाचं रोप होतं.

"आमच्याकडं सगळी फरशी झालीया. तुमच्या दारापुढं मोकळी माती हाय. लावू का?"

"लावा की. पण पाणी तुमीच घालायचं, काका. मला जमणार न्हाय."

"व्हय, मीच घालीन."

ते रोप शेळीनं खाल्लं. त्यांनी दुसरं आणून लावलं, भोवती लोखंडी जाळी बसवली. सकाळी ते बादली घेऊन रस्ता ओलांडतात. जमीला आतून विचारते, "चहा घेणार का, काका?" कधी ते नको म्हणतात, कधी पायरीवर बसून घेतात. रोप आता जाळीच्या वर आलं आहे.