भंगारात गेलेले स्पीकर

दाराबाहेरच्या चपला बघूनच विद्याश्रीला कळलं, आपल्या माघारी घरात काहीतरी घडलंय. रविवारची सकाळ होती. फौंड्रीच्या कामासाठी आठवडाभर पुण्यात राहून ती नुकतीच परतली होती. खांद्याला बॅग होती आणि मनात एवढंच होतं, की आंघोळ करायची, चहा घ्यायचा आणि हॉलमध्ये पाय पसरून एखादी कॅसेट लावायची.

"थांब, थांब. डोळे मीट आधी," नवरा राजशेखर दारातच आडवा आला. चेहरा लग्नातल्यासारखा फुललेला.

"कोण कोण आलंय?"

"आत तर ये. सरप्राइज हाय."

तिनं डोळे मिटले नाहीत. हॉलमध्ये राजशेखरचा मित्र अमरसिंह सोफ्याच्या मधोमध बसला होता, मांडीवर लॅपटॉप घेऊन. दोन्ही बाजूंना त्याच्या ग्रुपातले चौघेजण. दर रविवारी कुणाच्या तरी घरी जमून महागड्या सिस्टीमवर गाणी ऐकणारी ही मंडळी. आणि समोर तिच्या स्पीकरचे दोन खोके. म्हणजे खोके तिचेच, पण पुढची फळी कापून काढलेली. तिथं काळी चकचकीत फळी, तीत धातूच्या चकत्या. टेबलावरचा तिचा काचेच्या नळ्यांचा, व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर गायब. त्याच्या जागी ॲल्युमिनियमची डबी, तिला निळा दिवा.

"वहिनी, बसा," अमरसिंह म्हणाला. "राजूनं मला मोकळा हात दिला. तुमच्या हॉलचं पूर्ण माप घेतलं, माइक लावून. कुठला आवाज कमी, कुठला जास्त, सगळं सपाट करून टाकलंय. आता ऐका."

त्यानं एक ठुमरी लावली. गाणाऱ्या बाईचा श्वास आला. ओठ उघडल्याचा चिकट आवाज आला. तबल्याच्या कडेला घासलेलं नख आलं. मागं कुणीतरी खुर्ची सरकवली.

"ऐकलं काय? खुर्ची?" अमरसिंहानं बोट वर केलं.

"मी तीस वर्षं ही ठुमरी ऐकतोय," ग्रुपातला एकजण म्हणाला. "तिथं खुर्ची हाय हे आज कळलं."

सगळे माना डोलवायला लागले. विद्याश्री उभीच होती. सगळं ऐकू येत होतं, फक्त गाणं हाती लागत नव्हतं.

ती शिरोलीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीची मुख्य होती. लोखंडाच्या ओतकामात कुठं भेग आहे, कुठं हवेचा बुडबुडा अडकलाय, मिश्रणात काय कमी पडलंय, हे बघायचं काम. मोजमापाशी तिचं वाकडं नव्हतं, त्यावरच तिचं पोट होतं. पण दिवसभर दोष शोधून घरी आल्यावर तिला गाण्यातले दोष शोधायचे नव्हते. तिचे वडील शिवाप्पा गडहिंग्लजला शाळामास्तर होते. त्यांनी धारवाड रेडिओवरून भरून ठेवलेल्या कॅसेटी तिच्याकडं होत्या. दुकानातल्या नव्या स्पीकरवर त्या लावल्या, की आधी खरखर ऐकू यायची आणि तिच्या मागं कुठंतरी गवई. तिला गवई पुढं हवा होता. खरखर असली तर असू दे, पण मागं, पंख्याच्या आवाजासारखी, विसरता येईल अशी.

म्हणून तिनं स्वतःच करायला घेतलं. एका बंद पडलेल्या रेडिओग्राममधले आठ इंची, कागदी कोनचे स्पीकर मिळवले. मंगळवार पेठेतल्या पिराजी सुताराकडून खोके करून घेतले. पहिल्यांदा आवाज घागरीतून आल्यासारखा घुमला. तिनं खोके उघडून आत घोंगडीचे तुकडे चिकटवले. मग तो इतका कोरडा झाला की तिनं निम्मे तुकडे उपटले. भिंतीपासून हातभर पुढं आणले, मागं नेले, थोडे आत वळवले. अॅम्प्लिफायरची जुळणी तिनं व्हिडिओ बघून, चुकत, दोनदा शॉक खात केली. वर्षभर रविवार त्यातच गेले. आणि एका दुपारी कॅसेट लावली, तर ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता थांबली. गॅस बंद करून, पिठाच्या हातानं, बाहेर येऊन बसली. त्यानंतर तिनं कशाला हात लावला नव्हता.

राजशेखर त्याला 'विद्याची डबडी' म्हणायचा. चेष्टेनं म्हणतो, असं तिला वाटायचं.

"माझे स्पीकर कुठं हाईत?" तिनं विचारलं.

"ते काय समोर."

"हे न्हवंत. माझे."

अमरसिंह हसला. "अहो वहिनी, ती कागदाची भेंडोळी? दिली भंगारात. अॅम्प्लिफायरबी. त्यात डिस्टॉर्शन किती होतं म्हायताय काय? आलेख काढलाय मी, दाखवतो. लाज वाटंल असा आलेख."

"आणि कॅसेटी?"

"त्या नेल्यात मी. कॉम्प्युटरवर साफ करून देतो. खरखर शून्य."

विद्याश्री माहेरची गडहिंग्लजची. चिडली की तिकडचं 'मी आलो, मी केलो' तिच्या तोंडात येई. "ते मी केलोय," ती म्हणाली. "एकेक तार मी जोडलोय. तुम्हाला कोण सांगितलं हात लावायला?"

"राजूनंच की."

राजशेखर अजून हसतच होता. "अगं, ऐक तरी पूर्ण. सवय हुईल तुला."

ती भिंतीपाशी गेली आणि तिनं प्लग उपटला. निळा दिवा विझला. बाईचा आवाज शब्दाच्या मधेच तुटला.

"उठा," ती म्हणाली. "सगळ्यांनी उठा. चहा प्यायचा असंल तर कोपऱ्यावर गाडा हाय."

पावण्यांना असं उठवलेलं त्या घरानं कधी बघितलं नव्हतं. मंडळी एकमेकांकडं बघत, चपला शोधत बाहेर पडली. अमरसिंह लॅपटॉप काखोटीला मारून जिन्यात मोठ्यानं म्हणाला, "चांगलं करायचा काळच न्हाय राहिला."

दार लावून राजशेखर वळला. "काय केलंस हे? चार माणसात माझी अब्रू घालवलीस."

"आणि माझं काय घालवलासा तुम्ही?"

"तुझ्यासाठीच केलं की! नवरा कधी कशात लक्ष घालत न्हाय म्हणायचीस. घातलं लक्ष. चांगल्यातलं चांगलं आणून दिलं. कोण आलं-गेलं की त्या डबड्यांकडं बघायचं, मला कसंतरी व्हायचं."

ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे तुम्हाला लाज वाटत होती. म्हणून मला सरप्राइज."

"तसं न्हाय गं..."

"एक फोन करायचा होता. 'विद्या, हे काढू का?' एवढंच. तुम्ही मला इचारला न्हाईसा. ज्याला त्यातलं काय म्हायती न्हाय त्या माणसाला इचारलासा, आणि जी रोज त्याच्यासमोर बसते तिला न्हाय."

राजशेखरचं सॅनिटरी वेअरचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला तो दहा वेळा विचारायचा, नळ असा हवा का तसा, पांढरा हवा का रंगीत. हे त्याला सांगावं असं तिच्या तोंडापर्यंत आलं. पण बोलली असती तर रडली असती, आणि रडायचं नव्हतं. रडलं की राग वाया जातो, मग माणसं पाठीवर हात फिरवायला लागतात.

दुसऱ्या दिवशी तिनं अमरसिंहाला फोन केला. कुठल्या भंगारवाल्याला दिले? तो आधी म्हणाला, आठवत नाही. मग म्हणाला, कृष्णात का कोणतरी, गाडा घेऊन येतो. विद्याश्रीनं दोन दिवस कामावरून सुटल्यावर भंगाराची दुकानं पालथी घातली. पंखे होते, मोटारी होत्या, फुटके टीव्ही होते. कृष्णात नावाचा गाडेवाला सापडलासुद्धा. त्यानं कपाळावर आठ्या घातल्या. "अमरसिंह साहेबांच्या बंगल्यावरनं मला फक्त पुठ्ठं मिळाल्यात, ताई. स्पीकर-बिकर काय न्हाय."

तिथून ती तशीच स्कूटरवरून अमरसिंहाच्या बंगल्यावर गेली. दार त्याच्या बायकोनं, तेजस्वीनं उघडलं.

"या की वहिनी. हे मागच्या खोलीत हाईत." तेजस्वीला त्या भानगडीतलं काही माहीत नव्हतं, ती सहज बोलत होती. "हल्ली कामावरनं आले की तिथंच. पुढच्या हॉलमधली ती एवढी मोठी सिस्टीम, तिच्यावर धूळ बसालीय. मी म्हटलं, काय झालंय तुम्हाला? तर म्हणत्यात, डोकं दुखत न्हाय हितं."

विद्याश्रीला पुढचं ऐकू आलं नाही. मागच्या खोलीतून आवाज येत होता. तिच्या वडलांच्या कॅसेटमधली सतार. खरखर मागं, सतार पुढं. आवाज कुठल्या कागदातून येतोय हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

दार ढकलून ती आत गेली. प्लायवूडच्या एका ओबडधोबड फळीला तिचे दोन्ही स्पीकर स्क्रूनं बसवलेले होते. शेजारी तिचा अॅम्प्लिफायर, व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे लाल. आणि अमरसिंह बनियनवर, स्टुलावर पाय टाकून, मान मागं करून, डोळे मिटून. चेहरा असा सैल, की जणू हा दुसराच कुणी माणूस.

ती ओरडणार होती. पण सतार द्रुत लयीत आली होती, आणि आठवडाभरानंतर तिला ती अशी ऐकू येत होती. चोराच्या घरात उभं राहून चोराबरोबर आपलीच वस्तू ऐकतोय, या विचारानं तिच्या कानशिलांवर घण बसायला लागले. तरी तिहाई संपेपर्यंत ती थांबली.

"भावजी."

अमरसिंह स्टूल पाडूनच उठला. "अहो वहिनी! तुम्ही... बसा की. हे आपलं टेस्टिंग चाललंय."

"भंगाराचं टेस्टिंग?"

"डिस्टॉर्शन बघत होतो, किती हाय ते."

"डोळे मिटून बघत होतासा?"

तेजस्वी दारात येऊन थांबली होती. अमरसिंहानं तिच्याकडं बघितलं, शर्ट अंगात घातला आणि शर्टाबरोबर त्याचा नेहमीचा आवाजही परत आला. "हे बघा, राजूनं मला दिलंय हे. काढून टाक म्हणाला. टाकलेली वस्तू मी ठेवली, त्यात काय बिघडलं?"

"त्यांची वस्तू न्हवती ती. आणि तुम्ही टाकली म्हणून सांगितलासा. मी दोन दिवस भंगार उकरत फिरलो. तुम्ही हितं पाय पसरून माझ्या अप्पांची कॅसेट ऐकत बसलायसा. तुम्हाला आवडलं ना? मग माझ्या हॉलमध्ये तो खुर्चीचा तमाशा कशाला?"

"ग्रुपात एक लेव्हल असते, वहिनी. तिथं असलं सांगता येत न्हाय."

"म्हणजे ऐकायचं एक आणि लोकांना सांगायचं एक."

तिनं अॅम्प्लिफायर बंद केला आणि स्क्रूड्रायव्हर मागितला. अमरसिंह पुढं आला तशी म्हणाली, "हात लावू नका." शेवटी तेजस्वीनं फळी धरली आणि विद्याश्रीनं स्क्रू काढले. व्हॉल्व्ह गार व्हायला वेळ लागणार होता. तिनं राजशेखरला फोन करून गाडी आणायला सांगितलं.

राजशेखर आला. त्यानं फळी बघितली, स्पीकर बघितले, मित्राकडं बघितलं. "अमर, तू भंगारात दिलं म्हणालास मला."

"अरे, एवढ्याशा गोष्टीवरनं काय..."

"मी तुझ्यापायी बायकोशी भांडलो, भडव्या!" राजशेखरनं भिंतीवर हात आपटला. मग तेजस्वीकडं बघून ओशाळला आणि न बोलता अॅम्प्लिफायर उचलून गाडीत नेऊन ठेवला.

परतताना तो सगळी वाट अमरसिंहाला शिव्या घालत होता. कसा फसवला, कसा गोड बोलला, शाळेपासूनचा मित्र आणि असा. विद्याश्री कॅसेटींचा डबा मांडीवर घेऊन ऐकत होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला त्यानं फसवलं ह्याचा राग आलाय. मला तुम्ही इचारलं न्हाय, ह्याचा तुम्हाला अजून राग आलेला न्हाय."

तो तिच्याकडं वळला. मागच्यानं हॉर्न मारला. त्यानं गाडी पुढं घेतली.

पुढचा रविवार पिराजी सुताराकडं गेला. नवीन फळ्या कापायच्या होत्या. पिराजीनं पेन्सिल कानावरून काढून सवयीनं राजशेखरला विचारलं, "भोक केवढं पाडायचं, साहेब?" राजशेखरनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग म्हणाला, "मला न्हाय म्हायती. तिला इचारा." विद्याश्रीनं माप सांगितलं. फळीचं दुसरं टोक धरायला तिनं त्याला बोलावलं आणि तो धरून उभा राहिला, भुसा अंगावर घेत.

नवीन सिस्टीम त्यानं दुकानात नेऊन लावली. तिथं ती बेसिन आणि कमोडांच्या मधोमध बातम्या स्वच्छ वाचते.

महिन्याभरानं तेजस्वीचा फोन आला. आवाज अवघडलेला. "वहिनी, हे विचारत्यात... तुमच्यासारखा एक जोड करून द्याल काय? काय लागंल ते सगळं आणून देतो म्हणत्यात."

"त्यांना सांग," विद्याश्री म्हणाली, "रविवारी ग्रुप जमला की सगळ्यांसमोर सांगायचं, की भंगारात दिले म्हणालो ते खोटं होतं, आणि मागच्या खोलीत काय ऐकत होतो. मग मी बघतो."

"ते न्हाय सांगायचे, वहिनी."

"मग न्हाय."

राजशेखर समोर बसून सगळं ऐकत होता; कॅसेटची एक बाजू नुकतीच संपली होती. शाळेपासूनचा मित्र होता. मिटवून टाकावं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. विद्याश्रीनं फोन ठेवला आणि बोला काय ते, अशा नजरेनं त्याच्याकडं बघितलं.

"कॅसेट उलटू काय?" त्यानं विचारलं.

"उलटा," ती म्हणाली.