मुरलेलं नाक

अंबरनाथच्या त्या रंगाच्या कारखान्यात नवा गडी आला, की पहिल्याच दिवशी तोंडाला फडकं लावून बाहेर पळायचा. काळा रंग करण्यासाठी गंधक शिजवलं जाई आणि कुजक्या अंड्यांसारखा भपकारा उठे. देखरेखीचे अधिकारी चिंतामणराव दाते त्याची पाठ थोपटून म्हणत, "अरे, पळतोस काय? थोडे दिवस जाऊ देत, नाक मुरेल!"

लोणचं मुरतं तसं नाकही मुरतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. माणूस गमत्या, मनानं वाईट नव्हे. पण भट्टीखालच्या खड्ड्यात मुरलेल्या गड्यालाच उतरवायचं, ही रीत त्यांनीच पाडली होती.

सगळ्यांत मुरलेला वाळू. बारवीकडच्या पाड्यावरून तो पोटासाठी इथं आला होता. एकदा त्याची बायको राही फाटकाशी येऊन उभी राहिली.

"सायब, त्याला वासच कलत नाय. भात करपून कोलसा झाला, तरी गप बसलेला. डोलं पन झोंबतात. त्याला दुसरा काम द्या ना."

"मग बरंच की! तुझ्या हातचं करपलेलंही मुकाट्यानं जेवेल," चिंतामणराव हसले. राही खाली मान घालून परत गेली.

पुढे एका सकाळी खड्ड्यातली मोरी तुंबली. जवळ जायला कुणी धजेना. चिंतामणरावांनी वाळूला हाक मारली. तो काठावर वाकला.

"येतोय का रे वास?"

"नाय सायब. कायच नाय."

"मग उतर!"

वाळू उतरला आणि तळाशी पोचताच कोसळला. गड्यांनी आकडा टाकून त्याला वर ओढलं, टांग्यात घालून उल्हासनगरच्या निर्वासितांच्या छावणीत नेलं. तिथं एका बराकीत सिंधहून आलेले डॉक्टर जयदेव दवाखाना चालवत. त्यांनी नाडी धरली आणि हळूच सोडून दिली.

"पण वास नव्हता हो, डॉक्टर! मी स्वतः विचारलं होतं त्याला!" मागोमाग आलेले चिंतामणराव कळवळून म्हणाले.

"किसको पूछा, साहब? त्याच्या नाकाला?" डॉक्टरांचा आवाज चढला. "हा गंधकाचा गॅस थोडा असला तर घाण येते. जास्त झाला की वास घेणारी नसच बंद पडते. लाख भाग हवेत दोन भाग, त्याच्या वर माणसाला काम करायला लावू नका, असं अमेरिकेतले जाणकार सांगतात. तुमच्याकडे हवा मोजतो कोण? नाक मुरत नाही, साहब, नाक मरतं!"

मुरणं आणि मरणं! एका उकाराचं अंतर, आणि ते त्यांनी हसत हसत पुसून टाकलं होतं!

तेवढ्यात राही आली. तिनं वाळूच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. मग वर बघून एवढंच म्हणाली, "सायब, मी सांगला व्हता ना तुमाला?"

चिंतामणराव तिथंच, सगळ्यांदेखत रडले.

त्यानंतर ते मालकांपुढे हटून बसले. खड्ड्यात हवा सोडणारा पंखा आला. शिशाच्या क्षारात भिजवलेला कागद आधी दोरीनं खाली सोडायचा, तो गॅसनं काळवंडला तर कुणी उतरायचं नाही, असा नियम झाला. पुढे वाळूचा धाकटा भाऊ देऊ कामाला लागला. थोड्याच दिवसांनी तो फुशारकीनं म्हणाला, "सायब, आता वास नाय येत. नाक मुरला माझा!"

चिंतामणरावांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला थेट मोकळ्या हवेत ओढत नेलं. "मुरलं नाही रे पोरा! आजपासून तू भट्टीजवळ फिरकायचं नाहीस."

बंधुभगिनींनो, विषाची सवय झाली म्हणून विष निवत नाही. ज्याला वास येईनासा झाला, त्याला शाबासकी देऊ नका, आधी बाहेर काढा. हवा मोजायची असते ती यंत्रानं, कागदानं. गरिबाच्या छातीनं नव्हे. चिंतामणरावांना हे कळायला वाळूचा जीव जावा लागला. राही तर ते फाटकाशी उभी राहून आधीच सांगून गेली होती.