तारेत अडकलेला आवाज

"आला! आवाज आला!"

भाईंदर पश्चिमेच्या त्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, क्षितिजाच्या एवढ्याशा हॉलमध्ये तीसेक माणसं श्वास रोखून बसली होती. उरलेली जिन्यात. दाराशी चपलांचा एवढा ढीग की शेजारच्या हंसाबेनना आपलंच दार उघडता येईना.

सोफ्यावर नादबाबा बसले होते आणि त्यांच्या मांडीवर क्षितिजाच्या नवऱ्याची, अभिनवची, पोकळ लाकडी पेटीची बेस गिटार. तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकावर लाल कापड. कापडाखाली बाबांचा डावा हात, "कुंकू लावायला". थोडं पुटपुटून झालं, मग उजव्या हाताने त्यांनी सगळ्यात जाड तार छेडली.

झ्झ्झर्रर्र.

"ऐकलंत? पहिल्या सोमवारी नुसती कुजबुज होती. आज सातवा सोमवार, आज हुंदका! बाप समुद्रावर गेला आणि बाळाचा आवाज या तारेत अडकला. नाद हा अनादि आहे, आणि अनादि हाच नाद!"

याचा अर्थ कुणालाच कळला नाही, म्हणून सगळ्यांनी हात जोडले. टाळ्या, जयजयकार. त्या गदारोळात तीन वर्षांची सुरुची डब्याचं झाकण फिरवत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"बघा," बाबा म्हणाले, "बाळ ध्यानात आहे."

क्षितिजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिला वाटलं, आनंदाचं.

सुरू अजून एक शब्द बोलली नव्हती. अभिनव एका प्रवासी जहाजावरच्या बँडमध्ये होता. तो पहिल्यांदा गेला तेव्हा ती दहा महिन्यांची होती. अंघोळ घालताना, भरवताना, केस विंचरताना क्षितिजा एकच जप करायची, "आई म्हण. आ-ई." पोरगी तिच्या ओठांकडे टक लावून बघायची आणि हसायची. त्या हसण्यानेच क्षितिजाचा जीव तुटायचा. डॉक्टरांनी कान तपासायची चिठ्ठी दिली होती. पण बाबांनी बजावलं होतं, एकविसाव्या सोमवारी आवाज तारेतून मुक्त होईल, तोवर कानाला यंत्र लावायचं नाही, नाद पळून जातो. चिठ्ठी फ्रीजवर स्टीलच्या डब्याखाली पडून होती. बाबांनी खाडीच्या पाण्यात उभं राहायला सांगितलं असतं, तर ती तशीही उभी राहिली असती.

दुसऱ्या दिवशी अभिनवचा फोन आला. तिने मोठ्या आशेने त्याला तो हुंदका ऐकवला.

"अगं, हा कसला हुंदका? तार फ्रेटवर, खालच्या धातूच्या पट्ट्यांवर, आपटतेय. नेक, म्हणजे गिटारची मान, बिघडलीय. उत्तनच्या पायसकाकांना बोलव. आणि सुरूच्या कानांचं काय झालं?"

"करते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पायसकाका बुधवारी दुपारी आले. चर्चच्या गायनमंडळात चाळीस वर्षं बेस वाजवलेला, वाद्यं दुरुस्त करणारा माणूस. गिटार बंदुकीसारखी डोळ्याशी धरून त्यांनी नेकवरून नजर फिरवली.

"अगो, ही तं उलटी वाकलीय! कोनी हात लावला हिला?"

"कुणी नाही. बाबा फक्त कुंकू लावतात."

काका खुंट्यांजवळ वाकले. तिथे एक बारीक, सहा कोनांचं भोक होतं. त्यांनी सुई घालून टोकरलं. तळहातावर लाल भुकटी सांडली.

"कपालाला लावतात का न्हाय कुंकू? याने भोकात लावलाय." त्यांनी पिशवीतून वाकडी चावी काढली. "नेकच्या पोटात लोखंडी सळई हाय. आवळली की नेक मागं वाकते, तार फ्रेटला घासते. झर्रर्र. ढिली केली की…"

त्यांनी चावी जरा, जरा, थांबत थांबत फिरवली. तार छेडली.

दुम्म्म. गोल, स्वच्छ, खोल.

क्षितिजा किंचाळली. "काका! गेला! सुरूचा आवाज गेला! काय केलंत हे?" ती गिटारीवर झेपावली, तारा दोन्ही हातांनी धरल्या, जणू निसटणारं काही धरता येणार होतं. सात सोमवार. सात उपास. "परत आणा, काका. पाया पडते तुमच्या."

काकांनी चावी उलटी फिरवली. झ्झ्झर्रर्र. पुन्हा सुलटी. दुम्म्म.

"सांग मना, पोरी. तुजे लेकराचा आवाज माजे चावीवर चालतो का?"

ती जमिनीवर बसली. तेवढ्यात सुरू धावत आली आणि गिटारीच्या लाकडाला गाल लावला. काकांनी तार छेडली. सुरू खुदकन हसली. काकांनी गिटार हातभर लांब नेली, तीच तार, आणखी जोरात. सुरूचं हसू मावळलं. ती गिटारीकडे हात पसरून राहिली.

काकांचा चेहरा बदलला. "हिला मागून हाक मार बघू."

"सुरू," क्षितिजा म्हणाली. मग मोठ्याने. मग ओरडून. पोरगी पाठमोरी, शांत. ध्यानात.

क्षितिजाने फ्रीजवरचा डबा उचलला आणि चिठ्ठी काढली. तिच्यावरचा नंबर तिसऱ्या वेळी लागला. तपासणीची वेळ मिळाली मंगळवारची.

त्याआधी सोमवार आला. हॉल भरला. बाबांनी झोळीतून लाल कापड काढलं.

"आज कापड नको, बाबा," क्षितिजा म्हणाली.

"नाद लाजतो, माई."

"मग मीच करते." पायसकाकांची चावी तिच्या मुठीत होती. सगळ्यांसमोर तिने ती भोकात घातली, काकांनी शिकवल्याप्रमाणे जपून फिरवली. झर्रर्र. परत फिरवली. दुम्म्म. "हा हुंदका, आणि ही मुक्ती. एकविसाव्या सोमवारी हे एवढंच होणार होतं. त्यानंतरही पोरगी बोलली नसती, तर हेच बाबा म्हणणार होते आईची श्रद्धा कमी पडली."

"अरे देवा," हंसाबेन म्हणाल्या, "आ तो पानुं छे! हा तर नुसता पाना! बाबा, माझा पंखा पण आवाज करतो, जरा टाइट करून द्या ना!"

जिन्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबा उठले. "तुझ्या मुलीचं तोंड कायमचं बंद होईल!"

भीती एका चावीने सैल होत नाही. पण क्षितिजाने सुरूला कडेवर घेतलं आणि दार उघडून धरलं.

तपासणीत कळलं, सुरूला जन्मापासून फार कमी ऐकू येतं. डॉक्टर रागावले नाहीत, हे तिला जास्त लागलं. "लवकर आला असतात तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाले. आता सुरूच्या दोन्ही कानांना यंत्रं आहेत. चमत्कार झालेला नाही. परवा कुकरची शिट्टी झाली तेव्हा ती दचकली, स्वयंपाकघराकडे वळली आणि रडली. क्षितिजा तिला छातीशी धरून तिच्याहून जास्त रडली. शब्द यायला वेळ लागेल. ते सात सोमवार मात्र कुणीच परत देणार नाही.

म्हणून आयांनो, लेकरू हाकेला वळत नसेल, तर त्याला ध्यान म्हणू नका. वळत असलं तरी मनात शंका आली, तर तपासून घ्या. आणि कुणी तुमचं दुःख लाल कापडाखाली हात घालून बरं करू लागला, तर आधी कापड उचला.